इंग्लंडचे राजे, मुक्काम पोस्ट नाशिकरोड

परवा एका लग्नात जुने विद्यार्थी भेटले. जेवताना एकाने माझ्याकडे बघून नुसतं "मॅडम, मका!" म्हटलं आणि आमच्या टेबलावरची पाच माणसं एवढी हसली, की वाढपी मठ्ठ्याचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं, मेनूत मका आहे आणि आपल्यापर्यंत आलाच नाही!

असे किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. हजेरीपटाला वाळवी लागते, नकाशे फाटतात, माणसं रिटायर होतात; हे मात्र वाढतच जातात. कोणी भेटलं की त्यात एखादा नवा निघतो, आणि जुन्यात एखादं वाक्य वाढतं. तर आज थोडे सांगूनच टाकते.

१९९३ साली मी नाशिकरोडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागले. विभागात आम्ही तिघं. विभागप्रमुख खैरनार सर, सटाण्याचे. एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलायचे, पण चिडले की थेट अहिराणी! दुसरी मी. आणि तिसरे पगारेमामा. हुद्द्याने शिपाई, पण खरं म्हणजे विभागाचे मालक. माझ्या वाट्याला पेपर आला मध्ययुगीन इंग्लंडचा. तो कोणालाच नको होता, म्हणून नव्या बाईंना दिला!

* * *

पहिल्याच महिन्यात वर्गाने हात टेकले. फळ्यावर मी राजांची यादी लिहिली होती. विल्यम पहिला, विल्यम दुसरा, हेन्री पहिला, हेन्री दुसरा, हेन्री तिसरा, एडवर्ड पहिला, दुसरा, तिसरा… मलाच कंटाळा आला, तर मुलांचं काय!

शेवटच्या बाकावर मंगल बसायची. सायखेड्याची. सकाळी मळ्यात भाजी खुडून, मग एसटीने कॉलेजला. तिने हात वर केला.

"मॅडम, यांना आडनाव नाय का?"

"नाही."

"मग वळखायचे कसे? आमच्या गल्लीत चार सुरेश हायेत. पंपाचा सुरेश, टेलर सुरेश, लांब्या सुरेश आन् नुसता सुरेश. पहिला, दुसरा, तिसरा म्हटलं तर कोन वळखंल?"

वर्ग हसला. मी मात्र खडू हातात धरून थांबले. कारण इंग्लंडच्या लोकांनीही अगदी हेच केलं होतं! मी यादी पुसली आणि पुन्हा लिहिली. लालतोंड्या विल्यम. लांबटांग्या एडवर्ड. आणि ज्याच्या वाट्याला वडिलांच्या वाटणीत काहीच आलं नाही, तो बिनजमिनीचा जॉन.

मंगल बाकावरून अर्धी उठली. "मग हे आधी सांगायचं ना, मॅडम! ही तर आपलीच मानसं हायेत!"

सहामाहीला तिने उत्तर लिहिलं, 'जॉन हा धाकटा. वडिलांनी थोरल्यांना जमिनी वाटल्या. जॉनच्या नावाने सातबारा निघालाच नाही. त्यामुळे तो आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर डोळा ठेवून राहिला.'

मी तो पेपर खैरनार सरांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि परत दिला.

"यात कापायचं काय?"

* * *

खैरनार सरांना सिनेमाचं भारी वेड. राजेरजवाड्यांच्या जुन्या इंग्रजी सिनेमांच्या कॅसेट ते कुठून कुठून मिळवायचे. दर शनिवारी दुपारी ट्रॉलीवर टीव्ही आणि व्हीसीआर ढकलत पगारेमामा वर्गात यायचे, आणि दरबार भरायचा.

अडचण एकच. त्या सिनेमांतलं इंग्रजी मुलांना कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सगळं कळायचं नाही. मग टीव्हीशेजारी उभे राहून पगारेमामाच सांगायला लागले. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं, पण तोंडं बघून ते सगळं ओळखायचे. "हा गोड बोलतोय, पण हा फितूर आहे. बघा, हातमोजे काढत नाही!" दहा मिनिटांत तो माणूस खरंच फितूर निघायचा!

एकदा रिचर्ड आणि जॉन या दोन भावांचा सिनेमा लागला होता. थोरला धर्मयुद्धावर गेलेला आणि धाकटा मागे राज्य लाटायच्या तयारीत. थोरला परत आला, तलवारी उपसल्या गेल्या आणि वीज गेली!

वर्गभर "हाऽऽ!" झालं. पगारेमामा शांत. "बसा खाली. मी सांगतो पुढचं."

आणि त्यांनी सांगितलं. धाकटा थोरल्याच्या पाया पडतो. थोरला तलवार उगारतो. तेवढ्यात म्हातारी आई मधे येते. मग थोरला म्हणतो, "ऊठ, तू अजून पोरच आहेस." आणि सोडून देतो.

मुली डोळे पुसायला लागल्या.

पुढच्या शनिवारी उरलेला सिनेमा दाखवला. त्यात रिचर्डने जॉनला किल्ल्याच्या भिंतीवरून सरळ खाली फेकला! मुलं पगारेमामांकडे बघून ओरडायला लागली, "मामा, चुकलं! चुकलं!"

खैरनार सर उठून उभे राहिले. "मामा चुकले नाहीत, सिनेमा चुकला! प्रत्यक्षात रिचर्डने जॉनला माफच केलं होतं. आईने मध्यस्थी केली होती. आणि तू पोर आहेस, असंच तो म्हणाल्याचं सांगतात."

नंतर मी मामांना बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो?"

ते वायर गुंडाळत होते. म्हणाले, "मॅडम, घरात दोन भाऊ, आणि आई जिवंत. दुसरं काय होणार?"

* * *

याच रिचर्डमुळे मी एकदा अडचणीत आले.

सुनील नावाचा एक मुलगा होता. इतिहासात हुशार, पण इंग्रजीत दोनदा नापास. मी वर्गात सहज सांगून गेले, की रिचर्ड दहा वर्षं इंग्लंडचा राजा होता, पण त्यातलं जेमतेम अर्धं वर्ष इंग्लंडमध्ये राहिला. घरात, दरबारात सगळा कारभार फ्रेंचमध्ये.

सुनील एकदम ताठ बसला. "म्हणजे इंग्लंडच्या राजाला इंग्रजी येत नव्हतं?"

"फारसं नसावं."

"आणि चाललं?"

"चाललं."

झालं! दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या जोशी मॅडमनी त्याला निबंध का लिहिला नाही म्हणून विचारलं, तर हा सगळ्या वर्गासमोर म्हणाला, "मॅडम, इतिहास विभागाचं म्हणणं आहे, की इंग्रजीवाचून इंग्लंडसुद्धा अडत नाही!"

दुपारी पगारेमामा जोशी मॅडमची चिठ्ठी घेऊन आले. चिठ्ठीत एकच ओळ होती.

'सुनीलला सांगावे, रिचर्डला एटीकेटी लागली नव्हती.'

मी ती चिठ्ठी सुनीलच्या हातात दिली. पोरगा दोन महिने जोशी मॅडमकडे रोज बसला आणि तिसऱ्या खेपेला बावन्न मार्कांनी सुटला. पेढे घेऊन आला तेव्हा पहिलं वाक्य काय? "मॅडम, रिचर्डला मागे टाकला!"

* * *

आता तो मका.

खैरनार सर सिनेमा बघायला बसायचे ते वही घेऊन. त्यात सिनेमातल्या चुका टिपायच्या. अमक्या राजाच्या काळात काट्याने जेवण नव्हतं, तमक्या राजाच्या खिडकीला एवढी मोठी काच कुठून आली, असं सगळं. एकही चूक आपल्या नजरेतून सुटत नाही, याचा त्यांना फार अभिमान.

एका सिनेमात राजाची मेजवानी चालली होती आणि ताटात उकडलेले बटाटे!

"हाई काय शे!" सर दर वेळेसारखेच गरजले. "बंद करा! बाराव्या शतकात बटाटा?"

पगारेमामांनी टीव्ही थांबवला. पडद्यावर आडव्या रेघा, आणि रेघांच्या मागे राजा तोंड उघडून बसलेला. सरांनी मग सगळ्यांना समजावलं, की बटाटा अमेरिकेतला, तो युरोपात आला तेव्हा राजा मरून साडेतीनशेहून जास्त वर्षं होऊन गेली होती. सांगून झाल्यावर समाधानाने खाली बसले.

मागून मंगलचा आवाज आला. "मग सर, मका चालंल का?"

"कुठला मका?"

"मघाशी गेला ना तो. सैन्य पळत होतं तवा."

पगारेमामांनी कॅसेट मागे घेतली. घोडे दौडत आले, निशाणं फडकली, आणि मंगल टीव्हीपाशी जाऊन बोट लावून उभी राहिली. घोड्यांच्या मागे पुरुषभर उंचीचं हिरवंगार शेत डुलत होतं.

"ह्यो बघा. तुरं आलेत. कनसं भरायला लागलीत. मका बी अमेरिकेचाच ना, सर?"

सर खुर्चीतून उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. तो सिनेमा त्यांनी आधी किमान दहा वेळा पाहिला होता. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मला वाटलं, चिडणार. पण ते हसायलाच लागले.

"दहा वेळा मी राजाच बघत बसलो की गं!" आणि ती वही त्यांनी मंगलच्या हातात दिली. "आजपासून हे काम तुझं."

ती वही अजून विभागाच्या कपाटात आहे. सरांच्या बारीक अक्षरात चाळीसेक चुका आहेत, आणि त्याखाली मंगलच्या ठळक अक्षरात पहिलीच नोंद: 'मका. वाण संकरित वाटतो.'

* * *

सरांचा आणखी एक छोटासा.

कन्यूट राजाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दरबारी फारच स्तुती करायला लागले, तेव्हा त्याने समुद्रकाठी खुर्ची मांडली आणि लाटांना 'थांबा' म्हणून हुकूम सोडला. लाटा कसल्या थांबतात! पाय भिजले, तेव्हा तो दरबाऱ्यांना म्हणाला, बघा, राजाची सत्ता ही एवढीच.

ऑगस्ट महिना होता, गोदावरीला पाणी आलेलं. सर म्हणाले, हे वर्गात शिकवण्यात मजा नाही. सगळ्या वर्गाला घेऊन ते दसकला घाटावर गेले. मुलांना वरच्या पायऱ्यांवर उभं केलं, आणि स्वतः पाण्याच्या जरा वरच्या पायरीवर हात उंचावून उभे राहिले. अगदी राजासारखे.

"तर कन्यूट म्हणाला…"

तेवढ्यात पाण्याचा एक लोंढा पायरीवर चढला आणि सरांची डावी चप्पल घेऊन निघाला. नवी कोरी कोल्हापुरी! सर कन्यूट विसरले, इतिहास विसरले, आणि जीव तोडून ओरडले, "थांब! थांब!"

चप्पल काही थांबली नाही.

सर वळले. एक पाय अनवाणी. धोतर असतं तर सोगा सावरला असता, तशी त्यांनी पँट सावरली आणि म्हणाले, "कोणाला काही शंका?"

* * *

गॅदरिंगला आम्ही एकदा १०६६ ची लढाई बसवली. हॅरॉल्ड राजाला बाण लागतो, तो कोसळतो आणि इंग्लंड नॉर्मन विल्यमच्या हातात जातं, एवढंच नाटक. हॅरॉल्ड झाला होता ओझरचा महेश. त्याचे वडील फिटर. त्यांनी मुलासाठी चिलखत करायचं मनावर घेतलं.

सरांनी त्यांना निरोप पाठवला होता, की त्या काळी कड्यांचं चिलखत असायचं. उलट निरोप आला, "कड्या जोडायला दोन महिने लागतील. पत्र्याचं रविवारी देतो."

आणि काय चिलखत होतं म्हणून सांगू! तेलाचे रिकामे डबे कापून, ठोकून, घासून चकाचक केलेले. आतून शेंगदाण्याची चित्रं, बाहेरून आरसा. शिरस्त्राणसुद्धा तसंच. गॅदरिंगच्या दिवशी वडिलांनी स्वतः येऊन ते महेशच्या अंगावर चढवलं आणि मागून रिबिटा मारून पक्कं केलं.

नाटक रंगलं. बाण लागला. महेशने डोळ्यावर हात नेला, आणि उभाच राहिला. त्याला वाकताच येईना! शत्रूचे सैनिक आजूबाजूने तलवारी फिरवतायत, विल्यम त्याच्या कानात "पड, पड" म्हणतोय, आणि हॅरॉल्ड आपला खांबासारखा ताठ.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, मर की आता!"

महेश आतून कळवळून म्हणाला, "प्रयत्न करतोय!"

शेवटी पगारेमामा स्टेजवर गेले. त्यांनी आणि विल्यमने मिळून हॅरॉल्डला कपाटासारखा तिरका केला आणि अलगद आडवा ठेवला. इतकी टाळी मी त्या हॉलमध्ये कधी ऐकली नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. रिबिटा निघेनात. त्या तोडायची हत्यारं घरी. मग वडिलांनी महेशला तसाच स्कूटरवर मागे बसवला. बसवला म्हणजे काय, टेकवला! आणि दोघं निघाले ओझरला, भर दुपारी, हायवेने.

नाक्यावर हवालदाराने शिट्टी मारली. स्कूटर थांबली. हवालदाराने महेशला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, शिरस्त्राणावर टकटक करून पाहिलं. महेशच्या वडिलांनी सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली.

हवालदार म्हणाला, "ते राहू द्या हो. नाशकात कोणीतरी हेल्मेट घातलंय, तेच पुष्कळ झालं. जा!"

* * *

शेवटी हा एक सांगते आणि थांबते.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. आमच्या तेव्हाच्या प्राचार्यांनी नोटीस काढली: मुलींच्या सुरक्षिततेसाठी अभ्यासिका मुलींना चार वाजता बंद. मुलांना मात्र सातपर्यंत उघडी! इगतपुरीकडून रोज येणाऱ्या मुलींची परतीची गाडी सहानंतर. मधले दोन-अडीच तास त्यांनी बसायचं कुठे? तर फलाटावर. आठवड्याभरात दोन मुलींच्या घरच्यांनी त्यांचं कॉलेज बंद केलं. वैशाली नावाची एक मुलगी होती, वडील रेल्वेत. त्यांनीही तिला बजावून ठेवलं, "फलाटावर बसून शिकायचं असेल तर नको ते शिक्षण." मुलींनी तीनदा अर्ज दिले. तिन्ही वेळा उत्तर एकच: "बघतो."

त्याच आठवड्यात माझ्या वर्गात जॉन राजा आणि १२१५ ची सनद आली. मनमानी करणाऱ्या राजाला उमरावांनी घेरलं आणि हक्कांच्या सनदेवर त्याची मोहोर उमटवून घेतली, ती.

वैशालीने विचारलं, "मॅडम, त्यांनी त्याला किल्ल्यातच जाऊन का नाही गाठलं?"

"किल्ल्यात त्याचं चालतं ना. म्हणून उघड्यावर बोलावलं, नदीकाठच्या कुरणात."

तिने ते लिहून घेतलं. मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.

शनिवारी ग्राउंडवर क्रिकेटच्या सामन्यांचं उद्घाटन होतं. प्राचार्य हातात बॅट घेऊन खेळपट्टीवर उभे. पहिला बॉल पडायच्या आत साठेक मुली चारी बाजूंनी चालत आल्या आणि गोल करून उभ्या राहिल्या. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. वैशालीने कागद उघडून पाच कलमं वाचली. पहिलं कलम अभ्यासिकेचं.

"केबिनमध्ये या, बोलू," प्राचार्य म्हणाले.

"नको सर, इथेच बरं आहे."

दोन्ही टीमची पोरं गवतात बसून बघत होती. प्राचार्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, बॅट काखेत धरली आणि सही केली.

"सर, नुसती सही नको. शिक्का."

शिक्का ऑफिसात असतो, असं ते म्हणणार, तोवर पगारेमामांनी खिशातून शिक्का आणि पॅड काढून पुढे धरलं!

सोमवारी सकाळी फळ्यावर नवी नोटीस. 'दबावाखाली घेतलेली सही ग्राह्य धरता येणार नाही. पूर्वीचाच नियम लागू राहील.' आणि आम्हाला केबिनमध्ये बोलावणं. वैशाली, खैरनार सर आणि मी. वैशालीने हात ओढणीत गुंडाळून घेतले होते.

"काय म्हणणं आहे तुझं?" प्राचार्यांनी विचारलं.

"काही नाही, सर. तुम्ही असं करणार, हे माहीत होतं."

"म्हणजे?"

"जॉननेही सनद फिरवली होती. दबावाखाली घेतली म्हणून पोपकडून रद्द करवली. त्याला दहा आठवडे लागले. तुम्हाला दोन दिवस."

खैरनार सर एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

"म्हणून त्या लोकांनी गावोगावी प्रती पाठवल्या होत्या," वैशाली म्हणाली. "आम्ही पण शनिवारीच झेरॉक्स काढल्या. शिक्क्यासकट. एक संस्थेच्या अध्यक्षांना दिली, एक महिला मंडळाला, एक स्टेशन मास्तरांना. आणि एक माझ्या वडिलांना. ते खाली उभे आहेत, सर. ड्युटीवरून तसेच आलेत."

प्राचार्य उठून खिडकीपाशी गेले. खाली पोर्चमध्ये एक माणूस रेल्वेच्या निळ्या कपड्यांत उभा होता, हातात कागदाची गुंडाळी. त्याने वर बघून नमस्कार केला.

मग प्राचार्यांनी घंटी वाजवली. पगारेमामा आत आले.

"ती फळ्यावरची नोटीस काढून टाका. अभ्यासिका सातपर्यंत. सगळ्यांना."

"काढली, सर," पगारेमामा म्हणाले. ती त्यांच्या हातातच होती.

घरी बसलेल्या त्या दोघीही पुढच्या आठवड्यात परत आल्या, पण ते नंतरचं. त्या क्षणी प्राचार्य खुर्चीत टेकले, चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले, आणि आळीपाळीने माझ्याकडे आणि खैरनार सरांकडे बघत म्हणाले, "हे असलं सगळं या पोरींना शिकवतं तरी कोण?"

आम्ही दोघांनी वैशालीकडे पाहिलं.

वैशाली म्हणाली, "सिलॅबसमध्ये आहे, सर. सोळा मार्कांना!"